मृत्युपत्रातला ‘मित्र’

मृत्युपत्राचा मसुदा करणे हे आमच्या व्यवसायात कनिष्ठांवर ढकलायचे काम समजले जाते. २०१७ साली एका पक्षकाराचे मृत्युपत्र मीही जुना नमुना समोर ठेवून तासाभरात उरकले होते. ज्याच्या नावे तो घर आणि ठेवी करत होता, त्याच्याशी त्याचा अकरा वर्षांचा संसार होता, हे मला ठाऊक होते. तरीही मी ‘माझे मित्र’ एवढेच लिहिले, कारण समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ तेव्हा लागू होते आणि नोंदणीकृत दस्तात असे काही असू नये, असा माझा हिशेब होता.

२०१८ मध्ये परस्परसंमतीचे संबंध त्या कलमातून वगळले गेले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे सांगितले, आणि अशा सहजीवनाला कायदेशीर मान्यता देण्याचा मुद्दा तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्यावर काही आठवड्यांनी तो पक्षकार पुन्हा आला. बँकेत त्याला ‘नामनिर्देशन केले की झाले’ असे सांगण्यात आले होते. हा गैरसमज खोडता खोडता माझी निम्मी वकिली संपली आहे. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, पण मालक होत नाही. मृत्युपत्र नसेल तर अविवाहित हिंदू पुरुषाची संपत्ती आईकडे जाते आणि जोडीदाराच्या हाती काही लागत नाही.

या वेळी आईही सोबत होती. ती हरकत घ्यायला आली असावी, असे मी गृहीत धरले. तिने चष्मा लावून जुने मृत्युपत्र शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाली, “वकीलसाहेब, आईला वगळून मित्राला घर का दिलं, हे यात कुठेच नाही. उद्या मी नसेन आणि धाकट्याने विचारलं तर?”

नैसर्गिक वारसाला कारण न देता डावलणे ही संशयास्पद परिस्थिती ठरू शकते आणि तो संशय मृत्युपत्र पुढे करणाऱ्यालाच दूर करावा लागतो, हे मी कनिष्ठांना दरवर्षी घोकून घेतो. जे कारण लिहिल्याने दस्त भक्कम झाला असता, तेच मी सावधगिरी म्हणून गाळले होते.

नव्या मसुद्यात सहजीवनाची वर्षे आली, विवाह कायद्याने शक्य नसल्याचे आले, आईची वेगळी सोय केल्याचे आले. साक्षीदार म्हणून सही करण्याचा आईचा हट्ट मी मानला नाही. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्याहून लहान आणि धडधाकट असावा, कारण उद्या न्यायालयात त्यालाच उभे राहायचे असते. “मग धाकट्यालाच बोलावते,” ती म्हणाली.

तो आला. साक्षीदाराला मजकूर माहीत असण्याची गरज नसते, आणि सही केल्याने त्याचा हक्कही आपोआप बुडत नाही, हे मी त्याला सांगितले. तरी त्याने तो परिच्छेद दोनदा वाचला, काही न बोलता सही केली आणि भावासाठी न थांबता निघून गेला.

जुने मृत्युपत्र फाडून टाकावे का, असे पक्षकाराने विचारले. मूळ प्रत फाडता येईल, असे मी म्हणालो. नोंदणी कार्यालयातली नक्कल मात्र तशीच राहील, ‘मित्र’ या शब्दासह.