आमची वाटचाल : चामखिळीच्या स्लाइडपासून डीएनए तपासणीपर्यंत

जळगावात आमची पॅथॉलॉजी लॅब सुरू झाली ती एक मायक्रोटोम (तुकड्याचे पातळ काप काढणारं यंत्र), एक मायक्रोस्कोप आणि चोपडा, यावल, पारोळ्याहून येणाऱ्या चामखिळीच्या तुकड्यांवर. आज पीसीआरच्या (डीएनएचा ठरावीक पट्टा वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या) वेगळ्या खोल्या आहेत. मधल्या काळात जी जी तपासणी वाढवली, तिचं कारण एकच : एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) हा चामखीळ आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू त्वचेच्या प्रत्येक थरात वेगळा वागतो आणि एकच तपासणी त्याची सगळी रूपं पकडत नाही.

बारीक खरचटलेल्या जागेतून तो तळच्या थरातल्या पेशीत शिरतो. सुमारे 8,000 बेस जोड्यांचा त्याचा वर्तुळाकार डीएनए तिथे थोड्याच प्रतींत राहतो. विषाणूचं ई2 हे प्रोटीन त्या डीएनएच्या नियंत्रक भागावर बसतं आणि ई1 या दुसऱ्या प्रोटीनला जागेवर आणतं. ई1 धागे उलगडतं. पुढची नक्कल पेशीच्याच यंत्रणेकडून होते, कारण विषाणूकडे स्वतःचं पॉलिमरेज (डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम) नाही. पेशी विभागताना ई2 हा डीएनए क्रोमोसोमला अडकवून ठेवतं, म्हणून तो दोन्ही नव्या पेशींत जातो. स्लाइडवर यातलं काहीच दिसत नाही.

पेशी वर सरकली की तिने विभागणी थांबवायची असते. इथे विषाणूचं ई7 प्रोटीन पेशीच्या आरबी या विभागणी रोखणाऱ्या प्रोटीनला बाजूला सारतं आणि वर गेलेल्या पेशीतही डीएनए नकलेची यंत्रणा चालू ठेवतं. कर्करोगाचा धोका असलेल्या प्रकार 16 आणि 18 मध्ये ई6 हे प्रोटीन पी53 या पेशीच्या राखणदार प्रोटीनची विल्हेवाट लावतं. पेशी पक्व होऊ लागली की विषाणूचा उशिरा चालू होणारा प्रमोटर (जनुकं चालू करणारा डीएनएचा भाग) जागा होतो, डीएनएच्या प्रती हजारोंवर जातात, ई4 हे प्रोटीन भरपूर तयार होतं. कवचाची एल1 आणि एल2 प्रोटीनं मात्र अगदी वरच्या थरांतच बनतात. विषाणू पेशी फोडत नाही, गळणाऱ्या पापुद्र्याबरोबर बाहेर पडतो. त्यामुळे शरीराला त्याचा सुगावा उशिरा लागतो.

म्हणून चामखिळीचा तुकडा कॅसेटमधून काढून मेणात बसवताना तो कडेवर उभा ठेवायचा. आडवा पडला तर काप तिरपा जातो, थर एकमेकांत मिसळतात आणि मनुक्यासारखं सुरकुतलेलं केंद्रक व त्याभोवतीची मोकळी जागा (म्हणजे कॉइलोसाइट) ओळखणं अवघड होतं. काप 3 ते 4 मायक्रॉनचा. तुकड्याच्या किमान दहा पट 10 टक्के बफर्ड फॉर्मलिन हवं. सलाइनमध्ये आलेला तुकडा आम्ही घेतो, पण मनातून हात जोडूनच. नुसता वरचा कठीण पापुद्रा खरवडून पाठवला तर त्यात केराटिनशिवाय काही सापडत नाही. बिब्बा किंवा चुना लावलेली चामखीळ आली तर थर आधीच जळालेले असतात. तसं केलं असेल तर फॉर्मवर लिहा, नाहीतर आम्ही उगाच दुसराच आजार शोधत बसतो.

ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या तुकड्यातून) डीएनए काढायला लागल्यावर दोन धडे मिळाले. दर केसला मायक्रोटोमचं ब्लेड बदलायचं, नाहीतर मागच्या रुग्णाचा विषाणू पुढच्याच्या रिपोर्टात येतो. आणि फॉर्मलिनमध्ये डीएनएचे तुकडे होतात, म्हणून 450 बेसचा लांब पट्टा वाढवायला गेलं तर पीसीआर रिकामी जाते. 150 च्या आतला पट्टा निघतो.

गर्भाशयमुखाच्या नमुन्यांचं तंत्र निराळं. धडगाव, अक्कलकुव्याहून सुरत मार्गावरच्या गाडीने येणारी बाटली मे महिन्यात डिकीत ठेवली तर तापते. थंड पिशवी वापरा, पण बर्फाला चिकटवू नका. बाटलीवरची तापमानाची मर्यादा वाचून घ्या. फार रक्त किंवा जेली असली की पीसीआर अडते. म्हणून दर नमुन्यात मानवी बीटा-ग्लोबिन हे प्रत्येक माणसाच्या पेशीत असणारं जनुकही तपासतो. तेच वाढलं नाही, तर 'निगेटिव्ह' लिहायचं नाही. 'अनिर्णित' लिहून नमुना पुन्हा मागवायचा. डीएनए काढताना शेवटच्या धुण्यातलं इथेनॉल राहिलं तरी हाच घोटाळा होतो. रिकाम्या नळीत आणखी एकदा फिरवून कॉलम (डीएनए धरून ठेवणारी चाळणी) कोरडा करा, दोन मिनिटं वाचवू नका.

फक्त एल1 चं जनुक शोधणाऱ्या किटवर आम्ही विसंबत नाही. जुन्या संसर्गात विषाणूचा डीएनए कधी पेशीच्या क्रोमोसोममध्ये घुसतो. तेव्हा विषाणूचं वर्तुळ तुटण्याची जागा बहुधा ई1 किंवा ई2 मध्ये असते. ई6-ई7 वर ई2 चा लगाम होता, तो सुटतो आणि ती दोन्ही जनुकं बेफाम चालतात. एल1 चा भाग कधी गळूनही जातो. नेमक्या अशा, जास्त धोक्याच्या नमुन्यात एल1 किट चुकीचं निगेटिव्ह देऊ शकतं. म्हणून आमच्या किटचं एक लक्ष्य ई6-ई7 आहे.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे कर्करोग, असं रुग्णाला सांगू नका. बहुतेक संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप जातात. पुढची पायरी कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून पाहण्याची तपासणी), आणि बायोप्सीत शंका असेल तर पेशीतल्या पी16 या प्रोटीनचं रंगकाम. ई7 ने आरबी अडवलं की पी16 वाढतं, म्हणून तळापासून वरपर्यंत सलग गडद पट्टा उमटतो. तुरळक ठिपके आम्ही पॉझिटिव्ह धरत नाही.