तुम्ही विचारलंत म्हणून : खोडरबर का नको?

भोसरीत माझं कारखान्यांतल्या मशीनची इलेक्ट्रॉनिक सर्किट कार्डं रिपेअर करायचं दुकान आहे, तिथे हा प्रश्न सारखा येतो. "ताई, कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या आणि मशीन लगेच सुरू झालं. मग तुम्ही नको का म्हणता?" विचारणारा बहुतेक वेळा मेंटेनन्सचा मुलगा असतो. मशीन बंद पडलेलं, वरून साहेबांचे फोनवर फोन, आणि हाताशी तेवढंच असतं. त्याचं म्हणणं खोटं नाही, मशीन सुरू होतंच. पण पुष्कळदा ते नुसतं कार्ड काढून परत बसवल्यानेही झालं असतं. कार्ड आत सरकताना स्लॉटमधली, म्हणजे कार्ड बसतं त्या खाचेतली, स्प्रिंगची पाती पट्टीवरून घासत जाते आणि वरची पातळ घाण स्वतःच बाजूला सारते.

त्या पट्टीवर सोनं असतं किती? चांगल्या कार्डावर साधारण 0.76 मायक्रॉन. डोक्यावरचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास धरला, तर त्याचा जेमतेम शंभरावा हिस्सा. घासलं तरी टिकावं म्हणून त्यात किंचित कोबाल्ट मिसळलेला असतो. खाली निकेल, त्याखाली तांबं. स्वस्तातल्या कार्डांवर तर 0.1 मायक्रॉनसुद्धा सोनं नसतं, आणि तेही मऊ. शाई खोडायच्या रबरात घासणारी पूड असते, तिच्यापुढे हा मुलामा काय टिकणार!

परवाच असं एक कार्ड मायक्रोस्कोपखाली धरलं. पट्टीच्या कडांना पिवळा रंग होता, मधोमध मात्र तो विरत जाऊन करडं निकेल उघडं पडलं होतं. त्यावर आडव्या बारीक रेघा, आणि दोन पट्ट्यांमधल्या जागेत रबराच्या काळसर वळ्या अडकलेल्या. उघड्या निकेलवर ऑक्साइड धरतो, काही दिवसांनी तोच फॉल्ट परत येतो, मग पुन्हा खोडरबर. असं कार्ड माझ्याकडे येतं तेव्हा पुसण्यासारखं काही उरलेलं नसतं.

सोनं स्वतः काळं पडत नाही. काळं दिसतं ते वरून बसलेलं असतं, नाहीतर खालून आलेलं. साखर कारखान्यातली कार्डं मी लांबून ओळखते. रस स्वच्छ करायला तिथे सल्फर डायऑक्साइड वापरतात, आणि सांडपाण्याच्या बाजूने हायड्रोजन सल्फाइड येतो. मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आणि कार्डाच्या कापलेल्या कडेला उघड्या राहिलेल्या तांब्यापर्यंत हे वायू पोचतात. मग काळं सल्फाइड सोन्यावर पसरत येतं. घासून छिद्रं वाढतात, मूळ तसंच राहतं. तिथे पॅनेलचं, म्हणजे कार्डं असतात त्या कपाटाचं, दार बंद ठेवणं आणि दाराचं कुजलेलं रबर बदलणं हाच पहिला इलाज. गार हवा लागावी म्हणून दार उघडून पंखा लावतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

बोटांचे डाग, तेल, फ्लक्स (डाख नीट बसावा म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) यांना 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. सत्तर टक्केवालं नको, त्यात पाणी फार. धागे न सुटणारं फडकं भिजवून कार्डाकडून कडेकडे एकच सरळ हात फिरवायचा आणि पुन्हा फिरवताना फडक्याची कोरी बाजू घ्यायची. अल्कोहोल जागेवरच वाळू दिलं, तर विरघळलेली घाण पातळ होऊन सगळ्या पट्टीवर पसरते. स्लॉटही साफ करा, नाहीतर तिथली घाण परत कार्डावर येते. आणि कार्ड नेहमी कडांना धरा. घामातलं मीठ निकेल-तांब्याला सुटी देत नाही.

सोल्डरचा, म्हणजे डाख द्यायच्या कथिलाचा, शिंतोडा मात्र पुसून जात नाही. नोकरीच्या सुरुवातीला वेव्ह सोल्डरिंगआधी (यात अख्खं कार्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून नेतात) पट्ट्यांवर टेप लावायचं काम माझ्याकडे होतं. एका लॉटला माझी टेप मिलिमीटरभर कमी पडली आणि शेवटच्या पट्टीवर सोल्डर चढलं. सोल्डर सोनं विरघळवून घेतं. विकने (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी) ते ओढून काढलं तरी पट्टी रुपेरीच राहते, आणि सोन्याच्या स्लॉटमध्ये कथिल बसलं की कंपनांनी तिथे ऑक्साइड साठत जातो.

अशा पट्टीवर मुलामा परत चढवावा लागतो. आजूबाजूला टेप लावायची, सोल्डरचा अंशही ठेवायचा नाही, पट्टीला निगेटिव्ह वायर जोडायची. मग द्रावणात भिजवलेला बोळा गुंडाळलेला प्रोब, म्हणजे पॉझिटिव्ह वायरची कांडी, पट्टीवर सतत फिरवत आधी निकेल चढवायचं, धुवायचं, आणि निकेल वाळायच्या आत सोनं. सोन्याच्या द्रावणात बहुधा सायनाइड असतं, म्हणून हातमोजे आणि एक्झॉस्ट फॅन याशिवाय मी बाटलीचं झाकणही उघडत नाही. शेवटी पट्टीवर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढते आणि ती दिव्यासमोर धरते. तिच्यावर पिवळा कण दिसला, की सगळं काढून पुन्हा निकेलपासून.