ढील दे की जरा!

काल संध्याकाळी खारी आमच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळापर्यंत चालत गेली आणि चालत परत आली. जाऊन येऊन 400 पावलं, मी मोजली. ज्यांच्याकडे कुत्रं नाही त्यांना वाटेल यात सांगण्यासारखं काय आहे, पण जे पिल्लू मी इतके दिवस भाजीच्या पिशवीसारखं काखोटीला मारून खाली न्यायचे आणि तसंच वर आणायचे ते आपल्या चार पायांनी देवळापर्यंत गेलं म्हणजे आमच्या घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

खारी म्हणजे आमची देशी कुत्री. रंग अगदी बेकरीतल्या खारीसारखा, पाठीवर भाजलेला आणि पोटाकडे फिकट, म्हणून नाव खारी. दसरा झाला त्याच्या पुढच्या आठवड्यात पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडली, दीड महिन्याची असेल. आई म्हणाली आजची रात्र ठेव, सकाळी बघू. त्या सकाळी बघूला आता पाच महिने झाले.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सगळे डोस होईपर्यंत हिला रस्त्यावर खाली सोडायचं नाही. पार्व्हो नावाचा जो व्हायरस असतो तो मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो आणि पिल्लांना चटकन धरतो, त्यामुळे सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी एक असे डोस साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतात, मधे रेबीजची लस वेगळी. पण गंमत अशी की पिल्लू जग बघून "हे ठीक आहे, हे भीतीचं नाही" असं जे मनात पक्कं करतं तेही नेमकं याच वयात, तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. म्हणजे ज्या दिवसांत बाहेर न्यायचं नाही तेच दिवस बाहेर दाखवायचे. यावर उपाय एकच, कडेवर घेऊन फिरवायचं. मी आईच्या जुन्या ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवून तिला चार-पाच वेळा भाजीबाजाराच्या टोकापर्यंत नेलं आणि मग ऑफिसचं काम वाढलं आणि ते राहिलंच. आणि मधे दिवाळी. इंदिरानगरमध्ये दिवाळीचे चार दिवस काय आवाज असतो ते नाशिककरांना सांगायला नको, खारी दोन महिन्यांचीही नव्हती, चारही दिवस बाथरूममध्ये बादलीच्या मागे. तेव्हा मला ते क्यूट वाटलं होतं, फोटोही काढले. त्याची किंमत जानेवारीत मोजली.

डोस संपले, डॉक्टर म्हणाले आता न्या. मी उत्साहाने दुकानात गेले, दुकानदाराने देशी कुत्रं आहे म्हटल्यावर सरळ एक जाड साखळी काढून दिली आणि चामड्याचा गळपट्टा. साखळीचं वजन बहुतेक खारीच्या अर्ध्या वजनाएवढं असेल. पण मी काय, पहिल्यांदाच कुत्रं पाळलेली, घेतली.

पहिला दिवस. दुसऱ्या मजल्यावरून उचलून खाली आणली, गेटच्या बाहेर ठेवली, "चल खारे" म्हणाले आणि दोन पावलं पुढे गेले. साखळी ताठ झाली. मागे बघते तर बाई फतकल मारून बसलेल्या. मी जरा ओढलं, तिने पुढचे दोन्ही पाय रोवले, बोटं पसरली, मान खाली घातली आणि नखं फरशीवर घासत सर्र करत एक फूट माझ्याकडे सरकली, बसलेलीच. घसरगुंडीसारखी. पलीकडच्या बंगल्यातले काका झाडांना पाणी घालत होते, ते निफाडकडचे, शेती केलेला माणूस, म्हणाले एक दिवस ओढत न्यायचं, गोऱ्ह्याला पहिल्यांदा औताला धरतात तेव्हा काय विचारून धरतात का. मला ते पटलंही त्या वेळी. मी दोन दिवस तेच केलं.

तिसऱ्या दिवशी मागून एक टेम्पो आला, हॉर्न वाजवला, मी घाईत साखळी खेचली आणि खारीने उलटी मान खेचली आणि पट्टा कानांवरून अलगद निघून आला. पिल्लांचं डोकं मानेपेक्षा फार मोठं नसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हातात रिकामी साखळी आणि कुत्रं एका पार्क केलेल्या गाडीखाली. तिथून तिला काढायला पाऊण तास लागला, मी रस्त्यावर आडवी पडून पनीरचा तुकडा हातात घेऊन, ड्रेस सगळा ऑइलने माखलेला. बाहेर आली तेव्हा थरथरत होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा हट्ट नाहीये, ही घाबरलीय, आणि मी घाबरलेल्या जीवाला गळ्याला धरून ओढत होते.

डॉक्टरांनी साखळी बघितली आणि नुसतं हसले. मग त्यांनी नीट समजावलं. छातीवर वाय आकार येतो तसा हार्नेस घ्यायचा, म्हणजे ओढ गळ्यावर येत नाही आणि खांदे मोकळे राहतात, पट्ट्याखाली आपली दोन बोटं जातील एवढा सैल. दोरी हलकी कापडी, पाच-सहा फुटांची, ती बटण दाबून लांब होणारी वगैरे नको. आणि ओढू नका, कारण जनावराला ज्या दिशेला ओढाल त्याच्या उलट दिशेला ते अंग टाकतं, ते काही विचार करून करत नाही, शरीरच तसं करतं. आपल्यालाही कोणी दंडाला धरून खेचलं की आपण आधी मागेच रेटतो.

मग आठ-दहा दिवस बाहेर जाणं बंद आणि घरात शाळा. पहिले दोन दिवस नुसता हार्नेस जेवणाच्या ताटलीशेजारी ठेवायचा. मग घालून जेवायला द्यायचं आणि जेवण झालं की काढायचा. मग दोरी लावून ती घरभर तशीच लोंबत फिरू द्यायची, आपण लक्ष ठेवून, कारण ती खुर्चीच्या पायात अडकली की पुन्हा रामायण. दोरी चावायची फार, मग दोरीला हात लावायचा नाही, दुसरं खेळणं पुढे करायचं. मग मी दोरीचं टोक हातात घेऊन ती जाईल तिकडे तिच्या मागे, हॉल, किचन, गॅलरी, परत किचन. दोन पावलं माझ्याबरोबर आली की पनीर, तुरीच्या दाण्याएवढाच तुकडा, जास्त नाही. या काळात माझ्या प्रत्येक कुर्त्याच्या खिशात पनीर होतं आणि एक कुर्ता तसाच मशीनला गेला, तो वास काही केल्या जात नाही.

घरात मस्त चालायला लागली. गेटच्या बाहेर आलो की परत फतकल.

आणि इथे आई. आईचं माहेर येवला. येवल्याची संक्रांत ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून उपयोग नाही, भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं, आणि तिकडे मांजा गुंडाळायला फिरकी नाही, आसारी असते हातात. आई लहानपणी मामाची आसारी धरायची आणि तिला त्याचा अजून अभिमान आहे. तर त्या दिवशी ती माझ्याबरोबर खाली आली होती, दूध आणायला निघालेली, मी खारीसमोर उकिडवी बसून "चल ना, चल ना गं" करत होते आणि दोरी अर्थातच ताठ, म्हणजे मी ओढत नव्हते हं, पण सोडतही नव्हते. आई म्हणाली, "अगं ढील दे की जरा! सारखा ताण ठेवलास तर पतंग तरी वर जाईल का?"

मी ढील दिली. दोरीचा मधला भाग खाली लोंबायला लागला, जमिनीला टेकेल एवढा. आईने पाठ फिरवली आणि ती आपली चालायला लागली, खारीकडे न बघता, मावशीला फोन लावून. खारी दहा सेकंद बसली. मग उठली, अंग झटकलं, नाक जमिनीला लावलं आणि आईच्या पायामागे चार पावलं चालली. चार! मी आनंदाने ओरडले आणि ती परत बसली. आई मागे न बघता म्हणाली, "तू गप्प बस आधी."

त्यानंतर आमची पद्धत हीच. मी पुढे, पाठ तिच्याकडे, दोरी ढिली. ती थांबली की मीही थांबायचं, पण चेहऱ्याकडे टक लावून बघायचं नाही, कुठेतरी झाडाबिडाकडे बघायचं. ताण आपोआप आला तर मी एक पाऊल मागे येऊन तो घालवायचा. पहिला आठवडा तर आम्ही गेटपाशीच उभे असायचो, रोज पाच मिनिटं, वॉचमनच्या खुर्चीशेजारी, येणारी जाणारी माणसं, स्कूटर, भंगारवाला बघत. लोकांना वाटायचं मी कोणाची तरी वाट बघतेय. माझ्यासारख्या बाईला हे सोपं नाही, मी दात घासताना पण मेल बघते. आईला जमलं कारण तिला कुठे पोचायचंच नव्हतं.

संक्रांतीच्या आठवड्यात मात्र मीच बाहेर नेणं बंद केलं. नायलॉन मांज्यावर 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातलीय, पण आमच्या रस्त्यावर त्याचे गुंते पडलेले असतातच, झाडावर, तारेवर, फुटपाथच्या कडेला. खारीच्या मागच्या पायाला एकदा गुंडाळला गेला आणि तो दिसतही नाही पटकन, मी बसून नखकटरने कापला. तेव्हापासून खिशात पनीर आणि नखकटर दोन्ही.

आता वास घेण्याचं. आमच्या कोपऱ्यावर एक लाइटचा खांब आहे, त्याच्याशी खारीचा रोज चार-चार मिनिटं सत्संग चालतो. आधी मी कंटाळून चल चल करायचे. मग कुठेतरी वाचलं की माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी 50-60 लाखांच्या आसपास असतात आणि कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या वर, तेव्हापासून मी त्या खांबाला पेपर म्हणते. ती पेपर वाचतेय, वाचू दे. आणि भित्र्या पिल्लाला तर हे बरंच, नाक चालू असलं की शेपूट पायातून बाहेर येते, मी बघितलंय.

एक गोष्ट मात्र अजून जमली नाही, ड्रेनेजचं झाकण. देवळाच्या वाटेवर रस्त्याच्या मधोमध एक लोखंडी गोल झाकण आहे, त्यावरून गाडी गेली की धाडकन वाजतं. खारी त्यापासून सहा फूट लांबून, पोट जमिनीला टेकवत, त्याच्याकडे डोळे लावून अर्धगोल काढते. मी पनीर टाकून बघितलं झाकणाजवळ, तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. सोडून दिलं. आम्ही रोज वळसा घालतो.

आणि हो, द्राक्षं! नाशिकमध्ये फेब्रुवारी-मार्चला प्रत्येक घरात पेटी असतेच, आणि आईने एक दिवस छान चालून आली म्हणून खारीला बक्षीस म्हणून द्राक्ष पुढे केलं होतं. मी अक्षरशः झडप घातली. कुत्र्यांना द्राक्ष आणि बेदाणे, दोन्ही नको, किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. अलीकडे संशय त्यातल्या टार्टारिक आम्लावर आहे, आणि तेच चिंचेत असतं, म्हणजे आमटीचं चाटणंही बंद. आई म्हणाली, "द्राक्षाच्या गावात येऊन द्राक्ष खायचं नाही, काय नशीब बाई." तेव्हापासून ती फुटाणे देते, सोलून, अर्धा करून.

आता ऊन वाढलंय. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघायची, आपल्याला सहन झालं नाही तर तिच्या पंजांना पण होणार नाही. त्यामुळे सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सातनंतरच. सकाळी गल्लीतले तिघे असतात, एक काळा, दोन तांबडे. त्यांच्या समोरून सरळ जायचं नाही, लांबून वाकडं जायचं आणि त्या वेळी पण दोरी आखडायची नाही, हे अवघड आहे, कारण माझाच हात आपोआप आखडतो. काल काळा उठून उभा राहिला, मी मनात ढील ढील म्हणत श्वास सोडला, खारीने त्याच्याकडे बघितलं, जांभई दिली आणि पुढे गेली.

आज सकाळी मला मीटिंग होती म्हणून आई एकटीच दूध आणायला गेली, खारी घरात झोपलेली. मी गॅलरीतून बघत होते. आई फोनवर मावशीशी बोलत चाललेली, देवळाच्या अलीकडे आली आणि त्या झाकणापाशी छान सहा फुटांचा वळसा घालून पुढे गेली.