अठ्ठेचाळीस तारा

ऑगस्टमधली गोष्ट. सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी आम्हा चार-पाच हौशी लोकांचा तासाभराचा कार्यक्रम असतो, त्याच्या प्रॅक्टिससाठी म्हणून भिंतीवरची टेलिकास्टर, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, काढली आणि पहिल्याच कॉर्डला डाव्या हाताची बोटं काळी. गंज. आणि थोडाथोडका नाही हो, तारेच्या खालून बोट फिरवलं तर किसणीवरून फिरवल्यासारखं. मग दुसरी काढली, तिचीही तीच कथा. मग तिसरी. शेवटी रात्री अकरा वाजता सातही गिटार बेडवर आडव्या ठेवून फडक्याने पुसत बसलो, बायको दारातून बघून काही न बोलता निघून गेली. (हे न बोलणं काय असतं ते लग्न झालेल्यांना कळेल.)

सात गिटार, त्यातली एक बारा तारांची, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस तारा. हा हिशोब मी त्या रात्रीपर्यंत कधी केलाच नव्हता.

डोंबिवलीचा पावसाळा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, पापड तळून ताटात येईपर्यंत मऊ पडतो. गिटारला हवेत ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो म्हणतात, आमच्याकडे जुलैत काटा ८५-९० वर अडकून बसतो. स्टीलच्या तारा गंजतात ते वेगळंच, पण लाकूडही फुगतं, अकूस्टिकचा पुढचा भाग किंचित वर येतो, तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) लांब जातात आणि एका बोटाने सगळ्या तारा दाबून बार कॉर्ड धरताना मनगट दुखायला लागतं. मग सिलिका जेलच्या पुड्या, बॅगा, तारा पुसणं... एका गिटारचं हे सगळं आनंदाने करतो माणूस. सातांचं केलं की गोठा सांभाळल्यासारखं वाटतं.

आणि वाजवायला मिळतं किती? ऑफिसमधून आठला घरी, जेवण, मुलाचं गणित, मग दहानंतर वीस-पंचवीस मिनिटं. त्यात बारा तारांची हातात घेतली तर दहा मिनिटं तारा लावण्यातच जायची. तिच्या खालच्या चार जोड्यांमध्ये एक जाड आणि एक बारीक तार असते, बारीक तार एक सप्तक वर लावायची, वरच्या दोन जोड्यांमध्ये दोन्ही तारा एकाच सुरात. आणि एकीकडे घट्ट केली की दुसरीकडे उतरते. तिचा आवाज काय सुंदर आहे असं मी सगळ्यांना सांगायचो, ऐकला मात्र फार कमी वेळा.

कशा घेतल्या त्याची मोठी स्टोरी नाही. कॉलेजात कोलकात्याची गिवसन, सेकंडहँड. नोकरी लागल्यावर यामाहाची एफ ३१०, जी आपल्याकडे अर्ध्या जगाची पहिली गिटार असते. मग इलेक्ट्रिक पायजे म्हणून पॅसिफिका, मग नायलॉनच्या तारांची सी ४०, मग बोनस आला म्हणून एपिफोनची लेस पॉल, मग ती बारा तारांची, आणि लॉकडाउनमध्ये सगळे पीठ मळत होते तेव्हा मी स्क्वायरची टेलिकास्टर मागवली. प्रत्येक वेळी कारण होतं आणि प्रत्येक वेळी ते पटण्यासारखं होतं, निदान मला तरी.

दसऱ्यानंतर आई मिरजेहून कायमची आमच्याकडे राहायला आली. आमचा टू बीएचके, गिटारांची खोली हीच आईची खोली होणार हे उघड होतं. आता आई साधीसुधी श्रोता नाही, तिचं माहेर सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी, सतारीचे भोपळे वाळत घातलेले बघत मोठी झालेली बाई. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ती बातमी तिने फॅमिली ग्रुपवर तीन वेळा टाकली होती. तर ती आली, पिशवी खाली ठेवली, भिंतीकडे बघितलं आणि मोजल्या.

"सात? अरे, भीमसेनांच्या मागे पण दोनच तंबोरे असायचे."

यावर काय बोलणार!

कुठल्या ठेवायच्या हे ठरवायला मला वाटलं होतं आठवडा जाईल, पण ऑगस्टमधल्या त्या फडक्याने काम करून ठेवलं होतं. तीन गिटारच्या तारा स्वच्छ निघाल्या होत्या: एफ ३१०, पॅसिफिका आणि सी ४०. म्हणजे हात त्यांच्यावरच फिरत होता. आता नायलॉनला गंज कुठून येणार, तिच्या बाबतीत निकाल जरा पार्शियल होता हे मान्य, पण तिच्या चौथ्या तारेवरचं चांदीसारखं वेटोळं फ्रेटपाशी झिजून आतलं तांबूस दिसायला लागलं होतं, आणि ते काही नुसतं भिंतीवर टांगून होत नाही. बाकीच्या चार मला आवडत होत्या. वाजवत मात्र नव्हतो.

मग विक्री. सेकंडहँडच्या अ‍ॅपवर फोटो टाकले आणि पहिल्या तासात "लास्ट प्राइस?" असे नऊ मेसेज, कोणी नमस्कार नाही चमत्कार नाही. एकाला लेस पॉलच्या बदल्यात गेमिंगचा मॉनिटर द्यायचा होता. एकजण म्हणे मी आर्मीत आहे, पोस्टिंगवर आहे, आत्ताच पेमेंट करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही की पिन टाकावा लागत नाही, एवढं आता बहुतेकांना माहीत झालंय, तरी लिहून ठेवतो.

लेस पॉल अंबरनाथच्या एका मुलाने घेतली. चॅटवर "दादा, दादा" करत होता, डोंबिवली स्टेशनला पुलाखाली भेटल्यावर मला बघून "काका" वर आला. ठीक आहे. इलेक्ट्रिकचा आवाज मोठा करायला प्लॅटफॉर्मवर अ‍ॅम्प कुठून आणणार, तर पठ्ठ्याने बाकावर बसून गिटारच्या लाकडावर सरळ कान टेकवला, डोळे मिटले आणि एक एक तार छेडत गेला. शेजारून फास्ट लोकल धडधडत गेली तेव्हा थांबला, गाडी गेली, परत तिथूनच सुरू. मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटवर दाबून आणि मग मोकळी, दोन्ही सूर जुळतात का बघितलं. मी ती घेताना यातलं काहीही केलं नव्हतं, रंग बघून घेतली होती. ४२ हजारांना घेतलेली, २६ ला दिली, आणि तो २६ चे पैसे तीन वेगवेगळ्या अकाउंटवरून पाठवत होता, एक स्वतःचं, एक मित्राचं, एक ताईचं. ती चार किलोची बॅग खांद्याला लावून तो लगेजच्या डब्याकडे पळाला. जाताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, खरं सांगायचं तर खांदा हलका झाल्याचंच जास्त जाणवलं.

बारा तारांची वसईच्या एका गृहस्थांनी नेली, चर्चच्या क्वायरसाठी. दिवा-वसई गाडीने आले, कोपरला उतरले, घरी चहा घेतला, आईशी अर्धा तास भोपळ्यांवर बोलले आणि एका फटक्यात बाराच्या बारा तारा लावून दाखवल्या. मला लाज वाटली थोडी. त्यांना एवढंच सांगितलं की ब्रिजमागचं, म्हणजे तारा अडकवतात त्या पट्टीमागचं, लाकूड किंचित फुगलंय, एक स्वर खाली लावलीत तर बरं, तेवढ्या तारांचा ताण भयंकर असतो. नाताळात त्यांनी व्हॉइस क्लिप पाठवली, मराठी गीत, मागे ती. हा तिचा आवाज!

टेलिकास्टर ऑफिसमधल्या एकाला दिली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

राहिली गिवसन. रिपेअरवाल्या काकांनी एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली आणि म्हणाले, "मान पडलीय. दुरुस्तीच्या खर्चात नवीन येईल." विकायला लाज वाटते, फेकवत नाही. तारा काढून माळ्यावर गोधड्यांच्या शेजारी ठेवलीय. अठ्ठेचाळीसवरून अठरावर आलो.

जानेवारीत हवा कोरडी पडली तशी एफ ३१० ची मान सरळ झाली, तारा फ्रेटला टेकायला लागल्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर झणझण सुरू झाली. गिटारवाल्यांना या आवाजाने डोकं उठतं. मी वैतागून एकच तार परत परत वाजवून बघत होतो, तर आई आतून बाहेर आली, पदराला हात पुसत उभी राहिली.

"अरे वा, आज जवारी छान लागलीय."

जवारी! तंबोऱ्यात तार आणि घोडीच्या मधे दोरा सरकवून सरकवून जो झंकार काढायला मिरजेची माणसं आयुष्य घालवतात, तो माझ्या गिटारमध्ये बिघाड म्हणून आला होता. मी तिला समजावलं की हा फॉल्ट आहे. तिने ऐकून घेतलं आणि "असेल बाबा" म्हणून पोहे परतायला गेली.

रविवारी काकांकडे नेली, त्यांनी ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, पाव फेरा सैल केला, पाच मिनिटांचं काम. रात्री घरी वाजवली, स्वच्छ, एकेक सूर मोकळा. आई पलंगावर जप करत बसली होती. माळ थांबली.

"काढलीस होय रे जवारी?"