पटावर नऊ, हजर सहा

मच्छे मागे पडल्यावर कंडक्टर माझ्यापाशी आला. "आधार तोर्सरी, अक्का." मी कार्ड पुढं केलं. त्यानं उलटून मागचा पत्ता वाचला, पुणे, आणि काही न बोलता मशीनमधून पैशाचं तिकीट काढून हातात दिलं. बाकी सगळ्या बायकांकडं शून्य रकमेचं तिकीट. मच्छेच्या कारखान्यातून त्या दिवशी लवकर सुटून माझ्या शेजारी टेकलेल्या बाईनं आधी तिकिटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "महाराष्ट्राच्या काय तुम्ही?"

जन्म बेळगावचा, शहापूरचा. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं इथलंच. दोन वर्षांपूर्वी पुण्यात भाडेकराराच्या भानगडीत पत्ता बदलून घेतला, एवढंच. हे सगळं बसच्या खडखडाटात कसं सांगणार? "आता हाय म्हणायचं," मी म्हटलं.

"मग भरा की," म्हणून ती खळखळून हसली.

11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे. पण कर्नाटकातल्या बायकांना. सीमाप्रश्नावर लहानपणापासून इतकं ऐकलंय, 1956, महाजन आयोग, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडलेला दावा, आणि शेवटी सीमा माझ्यापर्यंत पोचली ती अशी, खानापूरच्या बसमध्ये.

ती बाई हायवेपासून आत असलेल्या एका गावातली. पूर्वी रोजचं बसभाडं गेलं की हातात काय उरतंय म्हणून घरी बसायची. आता सकाळच्या गाडीनं येते, संध्याकाळच्या गाडीनं जाते. तिच्या गावातल्या पंधरा-वीस जणी अशाच. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं आणि पुढचे तीन दिवस ते पक्कं होत गेलं. गाव टिकणार की ओस पडणार हे बघायचं असेल तर किलोमीटर विचारू नका, शेवटची बस किती वाजता आहे ते विचारा.

मी निघाले होते एक साधा प्रश्न घेऊन. ऑफिसात नव्या जनगणनेवरून गप्पा चालल्या होत्या. 2021 ची झालीच नाही, आता 2027 मध्ये. मागच्या आकड्यांत आपला बेळगाव जिल्हा बघितला. 2001 मध्ये 42 लाख 14 हजार, 2011 मध्ये 47 लाख 79 हजार. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त माणूस वाढला आणि त्या वेळी दर चारातले तिघे खेड्यात राहत होते. कागदावर भरलेला, वाढता जिल्हा. मग माझ्या मैत्रिणीची मामी जांबोटीकडच्या ज्या गावात राहते, तिथून तिचा फोन आला की ती दरवेळी का म्हणते, "कोण नाही बाई इथं"? दिवाळीनंतरची चार दिवसांची रजा होती. ठरवलं, जाईन तिथं एकच विचारायचं: आज रात्री या गावात किती माणसं झोपणार?

पहिला दिवस उलट दिशेला गेला. निपाणीला उतरून चिकोडी, तिथून पुढं रायबागच्या बाजूला. कृष्णाकाठ, काळी जमीन, जिकडंतिकडं ऊस. या भागाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण इथं गाव ओस पडण्याची गोष्टच नाही. 2005 ला आणि 2019 ला पुरानं घरं गेली, लोक वर सरकले, पण तालुका सोडून गेले नाहीत. पाणी आहे, कारखाना आहे, दुधाची गाडी दोन वेळा दारात येते. चावडीपुढं बसलेल्या एका तात्यांना माझा प्रश्न विचारला. त्यांनी पान थुंकून मलाच उलट विचारलं, "गाववाली धरायची, का टोळीवाली बी?"

हा हिशोब माझ्या ध्यानातच आला नव्हता. कारखाने नुकतेच सुरू झाले होते. गावाबाहेरच्या माळावर कोप्या पडल्या होत्या, उसाच्या पाचटाच्या आणि वर निळं प्लास्टिक. ऊसतोड मजुरांची टोळी, बीडकडची. एक बाई तीन दगडांवर भाकरी थापत होती, पोर पाठीशी झोपलेलं. मी तिलाही तेच विचारलं, पण तिच्या गावाबद्दल. ती म्हणाली, "आता तिकडं म्हातारी माणसं आन् कुत्री. आम्ही उन्हाळ्यात जाऊ." 2011 ची जनगणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारीत ऊसतोड ऐन भरात असते. तेव्हा ही बाई कुठं मोजली गेली असेल, कुणी मोजली असेल का, ह्याचा विचार करत मी बेळगावला आले. मग दुसऱ्या दिवशी ती बस.

खानापूरला कौलांच्या भट्ट्यांचा वास अजून तसाच आहे. तिथून जांबोटीच्या रस्त्याला वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप, मिळालं, पुढं दोन किलोमीटर पायी. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शाळेबद्दल पुढं लिहिणार आहे आणि तिथल्या गुरुजींना माझ्यामुळं उगाच कुणी फोन करायला नको.

सुगी चालली होती. खालच्या सपाट शिवारात भात कापायचं मशीन फिरताना दिसलं होतं, पण इथं उतारावर खाचरं ताटाएवढी, मशीन वळणार कुठं? मामी भर उन्हात विळा घेऊन एकटी बसलेली. एका खाचरात एकटी! मला आठवतंय, लहानपणी आम्ही यायचो तेव्हा ओळीनं दहा-बारा बायका असायच्या, गाणी, चहाची किटली. "पैरा मोडला गं," मामी म्हणाली. पैरा म्हणजे आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या, पैशाचा संबंध नाही. एक घर पुण्याला गेलं की नुसते चार हात कमी होत नाहीत, ज्या चार घरांना ते हात देणं लागत होते त्यांचीही कापणी अडते. मग त्यातलं एक घर पुढच्या वर्षी लागवड करत नाही. पडीक खाचराच्या शेजारचं खाचर रानडुकरं आणि गवे आधी खातात, आणि अलीकडं हत्तीही. मग शेजारचाही सोडतो. मामीच्या वरच्या अंगाची तीन खाचरं अशी ओळीनं पडली आहेत, त्यांत करवंदाची जाळी माजलीय.

संध्याकाळी शाळा बघायला गेले. सरकारी मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी, कौलारू, ऐसपैस. फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं: पट 9, हजर 6. गुरुजी एकटेच, दुसऱ्या जागेवर अतिथी शिक्षक येतात. "तीन कुठं?" म्हणून विचारलं. "आईबापांबरोबर गोव्याला. सुगीला येतील म्हणाले होते." मग ओशाळून म्हणाले, "नाव काढलं तर पट सहावर येतो, मॅडम." पट घसरला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा ती तीन नावं रोज हाकेत घेतली जातात आणि रोज गप्प राहतात. गावातली आणखी चार पोरं सकाळी सातला पिवळ्या व्हॅनमध्ये बसून खानापूरच्या इंग्रजी शाळेत जातात. मराठीसाठी मोर्चे काढणाऱ्या आम्हा शहरवाल्यांना हे बोचेल, पण त्या आईबापांना मी काय सांगणार? मी स्वतः मराठी शाळेतली, आणि माझी मुलगी पुण्यात कुठल्या माध्यमात आहे ते विचारू नका.

भिंतीवर दुपारच्या जेवणाचा तक्ता होता, अक्षर दासोहचा, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांच्या पोषण आहार योजनेचा. स्वयंपाकाच्या अक्का सहा जणांचा भात शिजवतात. "एवढ्या थोड्याला चव येत नाही," त्या म्हणाल्या. हे अगदी खरं आहे, मोठ्या पातेल्याच्या तळाशी सहा जणांची आमटी म्हणजे नुसती जळते.

मामीकडं जाताना दिसलं ते मात्र माझ्या मनातल्या ओसाड गावासारखं नव्हतं. पडकी घरं थोडी. उलट नवी घरंच जास्त: स्लॅबची, बाहेरून जिना, फरशी बसवलेला सोपा, दारावर गणपतीची टाइल. आणि कुलूप. एक मिलिटरीतून निवृत्त झालेल्या सुभेदारांचं. गावात बंगला बांधला आणि स्वतः बेळगावात गुंठ्याचा प्लॉट घेऊन राहिले, नातवंडांच्या शाळेसाठी. एक गोव्यात बेकरीत असलेल्या दोघा भावांचं. "मग बांधलं कशाला?" मी मामीला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. "गणपती कुठं बसवायचा मग?" चतुर्थीला म्हणे गावात पाय ठेवायला जागा नसते, रस्त्याला पुण्या-गोव्याच्या गाड्यांची रांग. पाच-सात दिवसांसाठी पंधरा-वीस लाखांचं घर. मी आधी मनात हसले. मग आठवलं, शहापूरच्या आमच्या घराचंही कुलूप मीच वर्षातून दोनदा उघडते.

गावात मोबाइलची रेंज नाही. देवळामागं टेकाड आहे, त्यावर एका विशिष्ट दगडापाशी दोन काड्या येतात. त्या दगडाला आता बसायला गुळगुळीत जागा झालीय. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार आले का, हे बघायला म्हाताऱ्या तिथं फोन घेऊन चढतात आणि मेसेज कानडीत किंवा इंग्रजीत असतो म्हणून जो वाचता येणारा असेल त्याची वाट बघत बसतात. त्या संध्याकाळी ती मी होते. चार जणींचे फोन वाचले. एकीच्या फोनमध्ये मेसेजऐवजी लोन घ्या, लोन घ्या असं कुणीतरी इंग्रजीत विनवत होतं.

रात्री चुलीपुढं मामीच्या सासूबाईंना, आज्जींना, माझा प्रश्न विचारला. त्या गावातलं कुणाचंही नाव न घेता घरं सांगत गेल्या, वरच्या अंगापासून, बोटांची पेरं मोजत. "वरचं घर, दोन. त्याच्या खालचं, कुलूप. कुलूप. विहिरीकडचं, एक म्हातारा. पाटलाचं, पाच, सून बाळंतपणाला गेलीय म्हणून चार. कुलूप." बत्तीस घरं झाली. तेरा कुलपं. माणसं एक्केचाळीस. मतदार यादीत किती? मामीचे चुलत दीर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत राबलेले, त्यांना पाठ होतं: एकशे अठरा. "मतदानाला सगळी येतात," ते म्हणाले, "गाडी पाठवली तर."

"आज्जी, तुम्हाला किती मुलं?" "आठ झाली. पाच जगली." मामीला दोन. मामीच्या थोरल्याला पुण्यात एक, आणि दुसरं नको म्हणतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकचा एकूण जननदर 1.7 आला, म्हणजे बाईमागं सरासरी दोनही मुलं नाहीत. तो आकडा मी पूर्वी वाचला होता. आज्जींच्या पेरांवर तो तीन पिढ्यांत उतरताना बघितला. पण गाव रिकामं होण्याचा दोष या कमी पाळण्यांवर टाकता येत नाही. आज्जींची जगलेली पाचही मुलं अजून आहेत, फक्त त्यांतलं इथं एकच आहे, मामीचा नवरा, आणि तोही सध्या कापणी सोडून सावंतवाडीला सुतारकामाला.

त्या रात्री बोलणं भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवर गेलं. 2011 मध्ये अभयारण्य झालं आणि आतल्या गावांचे रस्ते, विजेचे खांब सगळं वनखात्याच्या परवानगीत अडकलं. पावसाळ्यात आजारी माणसाला बांबूला घोंगडी बांधून खांद्यावरून आणायचं. आता सरकार स्थलांतराला प्रतिकुटुंब 15 लाख देतंय, त्यातल्या तळेवाडीच्या काही कुटुंबांना पहिल्या हप्त्याचे धनादेशही मिळाले. दीर म्हणाले, घ्यावेत. आज्जी म्हणाल्या, देवाला कुठल्या खात्यात घालणार? यावर बराच वाद झाला. त्यात मामीचा धाकटा, जेमतेम तिशीतला, इतका वेळ गप्प होता तो एकदम बोलला, "रस्ता नाही त्या गावात मुलगी कोण देतंय? पंधरा लाख नकोत, मला रस्ता द्या म्हणावं, लग्न तरी होईल." सगळे हसले. तो हसला नाही. आपल्याकडं तर अभयारण्यही नाही, डांबर गावापासून दोन किलोमीटरवर संपतंय, आणि तरी त्याची दोन स्थळं मोडली आहेत.

सकाळी निघताना मामीनं नव्या तांदळाची दहा किलोची पिशवी माझ्या खांद्यावर दिली, थोरल्यासाठी, आणि वर आज्जींनी काजूबियांची पुडी. परतीच्या बसमध्ये मी कंडक्टरनं मागायच्या आधीच पैसे काढून ठेवले.

पुण्यात त्याच रविवारी कात्रजला पिशवी पोचवली. दहा बाय बाराची खोली. बायको-मूल माहेरी गेलेलं, म्हणून गावाकडचे तिघे मुक्कामाला आलेले, त्यातला एक हॉटेलात, दोघे गोदामात. त्यांनी पिशवी सोडून मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, वास घेतला, आणि एकानं विचारलं, वरची खाचरं यंदा कुणी केली का? मी म्हटलं नाही. त्यानं तांदूळ पिशवीत परत सोडला आणि कुकर घासायला घेतला.