‘शेमलेस’ बघायची तर कोणती, आणि कुठपर्यंत?

‘शेमलेस’ या मालिकेचं नाव निघालं की हा प्रश्न येतोच : मूळ ब्रिटिश बघू की तिची अमेरिकन आवृत्ती? आणि दोन्हींची अकरा-अकरा पर्वं आहेत, सगळी बघायची का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगून टाकतो. अमेरिकन मालिकेची पहिली पाच पर्वं एकही भाग न गाळता बघा. ब्रिटिशची पहिली दोन. बाकीचं हौसेवर.

ही मालिका दारुड्या बापाची आहे असं वाटतं, पण खरं तर ती घरखर्चाची आहे. अमेरिकन मालिकेच्या पहिल्याच भागात सकाळच्या नाश्त्याला विजेच्या बिलासाठी डबा फिरतो आणि पोरंसुद्धा आपापली कमाई त्यात टाकतात. लिप पैसे घेऊन दुसऱ्यांच्या नावाने परीक्षा देतो, इयन किराणा दुकानात राबतो. थोरली फियोना आईच्या जागी उभी आहे, कारण आई मोनिका पळून गेलीय आणि बाप फ्रँक बारमध्ये पडलेला असतो. उन्हाळ्यात साठवलेल्या पैशाला ही मंडळी ‘स्क्विरल फंड’ म्हणतात. शिकागोचा हिवाळा त्यावर काढायचा असतो. विनोद या हिशेबातून येतो, म्हणून तो गरिबांची टिंगल वाटत नाही. मूळ लेखक पॉल अ‍ॅबट स्वतः इंग्लंडमधल्या बर्नलीचा, दहा भावंडांतला. आधी आई घर सोडून गेली, मग बाप, आणि पोरांना सांभाळलं मोठ्या बहिणीने. फियोना कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

आता फ्रँक. त्याचं काम एकच : डब्यात जमलेलं बाहेर काढणं. पहिल्या पर्वात केव्हाच मेलेल्या जिंजर मावशीचे सरकारी चेक तो वटवत असतो. तपासणीला बाई दारात येते, तेव्हा वृद्धाश्रमातून एक म्हातारी ‘उसनी’ आणावी लागते. धमाल भाग आहे. पण घरही त्या मावशीच्याच नावावर आहे हे लक्षात ठेवा, कारण तिसऱ्या पर्वात एक नातेवाईक मृत्युपत्र घेऊन घरावर हक्क सांगायला येतो. पहिल्या पाच पर्वांची ताकद ही आहे. एका भागात हसून सोडून दिलेल्या लबाडीचं बिल पुढे कधीतरी येतंच.

चौथं पर्व सगळ्यांत चांगलं. फियोनाला कप विकणाऱ्या कंपनीत पगारी, आरोग्यविमा असलेली नोकरी लागलेली असते. मग तिच्या निष्काळजीपणामुळे घरात उघडं पडलेलं कोकेन छोट्या भावाच्या, लियमच्या पोटात जातं. अटक होते, नोकरी जाते, पायाला नजरकैदेचा इलेक्ट्रॉनिक पट्टा बसतो. गरिबाला चूक परवडत नाही हे भाषण न देता दाखवलंय. फियोना झालेली एमी रॉसम तिथे फ्रँक झालेल्या विल्यम मेसीलाही मागे टाकते. पाचव्यात इयनचा बायपोलर आजार (मन कधी बेफाम उसळणारं, कधी पार खचणारं) पूर्ण उघड होतो. आईचंच दुखणं त्याच्यात उतरलंय हे घरातले हळूहळू ओळखतात, आणि औषधाने बधिर वाटतं म्हणून तो गोळ्या टाळतो.

पुढे बिघडतं ते पैशाचा आकडा फुगल्यामुळे. फियोना आधी लाँड्री घेते, मग अख्खी इमारत, मग एका वृद्धाश्रमाच्या प्रकल्पात पैसे घालून बुडते. विजेच्या बिलाची धाकधूक आपल्याला कळते, मालमत्तेच्या कर्जाची तितकी नाही. शिवाय फ्रँक यकृत बदलूनही पुन्हा प्यायला मोकळा, म्हणजे त्याला कशाचंच काही होत नाही. नवव्या पर्वानंतर रॉसम गेली, आणि घराचा कणाच गेला. तरी सहाव्या-सातव्यातलं लिपचं व्यसन चुकवू नका; बापाला शिव्या देणारा पोरगा बापासारखाच होत चाललाय, ते जेरेमी अ‍ॅलन व्हाइटने फार संयमाने केलंय.

ब्रिटिश मालिका २००४ मध्ये चॅनल फोरवर आली, मँचेस्टरच्या काल्पनिक चॅट्सवर्थ वस्तीत घडणारी. तिथे घर कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेने भाड्याने दिलेलं, दवाखाना सरकारी. त्यामुळे घर हातचं जाण्याची आणि विम्याची ती भीती नाही. सगळी वस्तीच मिळून एक पात्र होते, आणि विनोद जास्त उर्मट आहे. फियोना झालेली अ‍ॅन-मरी डफ आणि तिचा प्रियकर स्टीव्ह झालेला जेम्स मॅकअव्हॉय दुसऱ्या पर्वानंतर बाहेर पडतात. मग फ्रँक मधोमध येतो आणि प्रहसन वाढतं. उच्चार अवघड आहेत, सबटायटल्स लावाच.

दोन्हींत नग्नता आणि शिव्या भरपूर, घरच्यांसोबत बसू नका. अमेरिकन मालिकेत भागाच्या सुरुवातीला ‘मागील भागात’ सांगणारं पात्र, गेला भाग चुकवला म्हणून प्रेक्षकालाच झापतं. ते पुढे ढकलू नका. आणि तिसऱ्या भागापर्यंत, म्हणजे त्या उसन्या म्हातारीपर्यंत, हसू आलं नाही तर खुशाल सोडून द्या.