विंडोज-मॅकवरचं ॲप लिनक्सवर नेताना: फाइलनावांतल्या कॅपिटल-स्मॉलची साफसफाई

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात कोणाकडे विंडोज, कोणाकडे मॅक. ॲप मात्र चालतं ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या लिनक्स सर्व्हरवर. विंडोजचं एनटीएफएस आणि मॅकचं एपीएफएस या फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धती) फाइलचं नाव दिलं तसंच ठेवतात, पण शोधताना डीफॉल्टने कॅपिटल-स्मॉल बघत नाहीत. लिनक्सची फाइल सिस्टिम ईएक्सटी४ बघते. फाइलच्या नावात ‘हेडर’चा एच कॅपिटल आणि कोडमध्ये ती फाइल बोलावणाऱ्या ओळीत, म्हणजे इम्पोर्टमध्ये, स्मॉल असेल, तर लॅपटॉपवर पान उघडतं आणि सर्व्हरवर ‘मॉड्यूल सापडलं नाही’ म्हणून बिल्ड (कोडपासून चालणारं ॲप तयार करणं) फेल होतो.

फेल झालेला परवडला, निदान कळतं तरी. चित्रांचे पाथ जास्त छळतात. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोच्या नावाशेवटचं जेपीजी बऱ्याचदा कॅपिटल असतं, टेम्प्लेटमध्ये आपण स्मॉल लिहितो. पब्लिक फोल्डरमधल्या फाइली बंडलर (कोडच्या फाइली एकत्र बांधणारं टूल) तपासत नाही, त्यामुळे बिल्ड व्यवस्थित होतो आणि साइटवर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, येतो.

नावं बदलायला बसलो की खरी अडचण गिटची, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलची. विंडोज किंवा मॅकवर क्लोन करताना (कोडची प्रत उतरवताना) गिट ‘कोअर.इग्नोअरकेस’, म्हणजे कॅपिटल-स्मॉलकडे दुर्लक्ष करायचं सेटिंग, आपणहून ट्रू करतं. मग एक्स्प्लोररमध्ये नुसतं अक्षर बदललं तर गिटला काही बदललंय असं वाटतच नाही. हे सेटिंग फॉल्स करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून करू नका. एकच फाइल गिटमध्ये दोन नावांनी बसू शकते, लिनक्सवर दोन्ही उतरतात आणि तुमची दुरुस्ती त्यातल्या एकीतच जाते.

त्याऐवजी नाव बदलायची गिटची कमांड ‘गिट एमव्ही’ वापरा. फोल्डरचं नाव असेल तर एका दमात बहुधा एरर येते. आधी भलतंच तात्पुरतं नाव, मग हवं ते, आणि दोन्ही मिळून एकच कमिट. आधीपासून दुहेरी नावं असतील तर ‘गिट एलएस-फाइल्स’चं आउटपुट (गिटमधल्या फाइलींची यादी) ‘सॉर्ट -एफ’ आणि पुढे ‘युनिक -डीआय’मधून काढलं की ती समोर येतात. बाकीच्यांच्या मशीनवर पुल केल्यानंतरही फोल्डरचं जुनं नाव राहू शकतं, म्हणून आम्ही सगळ्यांना नव्याने क्लोन करायला सांगतो.

डॉकर (ॲप वेगळ्या लिनक्स कंटेनरमध्ये चालवणारं टूल) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मॅकवरचं फोल्डर कंटेनरमध्ये माउंट केलं तर खाली डिस्क मॅकचीच असते, चूक झाकलेलीच राहते. फाइली इमेजमध्ये कॉपी करून बिल्ड केलात तरच ती पकडली जाते. टाइपस्क्रिप्ट ५.० पासून इम्पोर्टमधला कॅपिटल-स्मॉलचा फरक डीफॉल्टने एरर देतो, पण चित्रं त्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून बदल मुख्य कोडमध्ये मर्ज करण्याआधी लिनक्सवरचा बिल्ड आणि चित्रांच्या पाथची तपासणी आम्ही सक्तीची ठेवली आहे. नवीन फाइलींची नावं सगळी स्मॉल, शब्दांमध्ये हायफन.

डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर टेबलांची नावंही बघा. ‘लोअर केस टेबल नेम्स’ हे सेटिंग डीफॉल्टने लिनक्सवर ०, विंडोजवर १ आणि मॅकवर २ असतं, म्हणजे टेबलांच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल फक्त लिनक्सवर बघितलं जातं. आवृत्ती ८ मध्ये ते डेटाबेस पहिल्यांदा उभा करतानाच ठरवता येतं, नंतर बदलता येत नाही.